रात्रीची स्ट्रीट फोटोग्राफी: लोकल गाईड घ्यावा का, आणि घेतला तर त्याच्याकडून काय शिकावं

प्रश्न थोडक्यात असा आहे की दिवसा स्ट्रीट फोटो बऱ्यापैकी जमतात, आता एका मोठ्या शहरात जाणं होणार आहे, तिथला एक स्थानिक फोटोग्राफर रात्री तीन-चार तासांचा फोटोवॉक घेतो, तर तो घ्यावा का तेच पैसे चांगल्या लेन्समध्ये घालून व्हिडिओ बघत बघत एकट्यानं शिकावं? आणि रात्री फोटो हलतात, नाहीतर माणसं काळी येतात आणि मागचे बोर्ड पांढरेफटक, त्याचं काय करायचं? मी जास्त करून रात्रीचंच काम करते आणि नवीन लोकांना रस्त्यावर घेऊनही जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाईड घ्या. लेन्सपेक्षा गाईडवर घातलेले पैसे जास्त दिवस पुरतात हे माझं स्पष्ट मत आहे. फक्त त्याला जागा दाखवायला घेऊ नका. जागा काय, कुठल्याही ॲपवर शहराचं नाव टाका, तेच दहा कोपरे समोर येतात, तोच पूल, तीच निऑनची गल्ली, तेच वरून दिसणारे गाड्यांचे लाल पट्टे. नकाशाला जे माहीत नसतं आणि तिथं राहणाऱ्या माणसाला असतं ते म्हणजे त्या रस्त्याचं रोजचं वेळापत्रक. कुठल्या गल्लीतली दुकानं किती वाजता शटर ओढतात आणि ती ओढली की तिथं कुठला एकच दिवा उरतो, शेवटच्या गाडीच्या वेळी स्टेशनच्या कुठल्या दारातून माणसं बाहेर पडतात, कुठल्या वारी कुठला चौक ओस पडतो, सफाईचा टँकर कधी येतो आणि रस्ता ओला करून जातो (पाऊस नसताना ओला रस्ता मिळणं ही रात्री मोठी गोष्ट आहे), हे सगळं एकट्यानं शोधायचं तर महिने जातात आणि परक्या शहरात आपल्याकडे महिने नसतात.

हे काही आजचं नाही. रात्रीच्या पॅरिसचे फोटो म्हटलं की ज्याचं नाव पहिलं निघतं तो ब्रासाई मुळात पॅरिसचा नव्हताच, हंगेरियन होता, १९२४ मध्ये पॅरिसला आला आणि १९३० च्या सुमाराला रात्री कॅमेरा घेऊन हिंडायला लागला. आणि बऱ्याचदा तो एकटा नसायचा, कवी लेओं-पोल फार्गसारखे शहर पायाखाली घातलेले दोस्त त्याच्याबरोबर रात्र रात्र चालायचे. ट्रायपॉड, काचेच्या प्लेट, लांबच लांब एक्सपोजर, म्हणजे एका ठिकाणी उभं राहिल्याशिवाय गत्यंतरच नाही. आपल्याकडे आता सेकंदाला वीस फ्रेम मारणारे कॅमेरे आहेत म्हणून आपण थांबत नाही, आणि रात्रीचे निम्मे फोटो तिथेच फसतात असं मला वाटतं.

कारण दिवसा उजेड सगळीकडे पडलेला असतो, आपण माणूस शोधत फिरतो, माणूस दिसला की फोटो. रात्री हे चालत नाही. रात्री उजेड तुकड्यातुकड्यांत असतो, दुकानाच्या काचेसमोर दोन पावलांचा पट्टा, बसथांब्याच्या पॅनलची एक बाजू, टपरीवरचा एक बल्ब, आणि त्या दोन तुकड्यांच्या मध्ये चालणारा माणूस कॅमेऱ्यासाठी जवळजवळ नसतोच. म्हणून क्रम उलटा करायचा, आधी उजेडाचा तुकडा शोधायचा, त्याच्याकडे तोंड करून माणूस आला तर चेहऱ्यावर काय पडेल ते बघायचं, मागे काळोख आहे का कचाकचा बोर्ड आहेत ते बघायचं, आणि मग तिथंच उभं राहायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वाटलं तर अर्धा तास. चांगला गाईड तुम्हाला हेच शिकवतो, आणि जो तीन तासांत बारा स्पॉट दाखवतो तो हे शिकवूच शकत नाही कारण वेळच उरत नाही.

त्यामुळे बुक करायच्या आधी त्याला पहिला प्रश्न हाच विचारा की वॉकमध्ये किती ठिकाणी थांबतो. तीन-चार म्हणाला तर चांगलं लक्षण. दुसरं म्हणजे त्याच्या वेबसाईटवरचे निवडक फोटो बघून भुलू नका, एखाद्या संध्याकाळच्या सगळ्या फ्रेम दाखवायला तयार आहे का विचारा, निदान एका जागेच्या सलग वीस-पंचवीस फ्रेम, त्यात चुकलेल्याही. त्या बघितल्या की तो माणूस वाट कशी बघतो, पावलं कशी बदलतो, कुठं सोडून देतो ते कळतं, आणि दाखवायला कां कू करत असेल तर मी तरी पुढे जाणार नाही. तिसरं, ग्रुप किती जणांचा. चारच्या वर माणसं झाली की रस्त्यावर फोटोग्राफी होत नाही, सहल होते, दहा कॅमेरे एका म्हाताऱ्या विक्रेत्यावर रोखलेले असले की तो विक्रेता उरत नाही, मॉडेल होतो. आणि एक गोष्ट मला अजिबात पटत नाही ती म्हणजे काही जण माणसं आधीच ठरवून ठेवतात, छत्री घेऊन त्याच दिव्याखालून चालणारा माणूस, धूर सोडणारा माणूस. फोटो सुंदर येतात पण तुम्ही काही शिकत नाही, कारण रस्त्यावरची सगळी मेहनत अंदाज बांधण्याची असते आणि तीच काढून घेतलेली असते.

जमलं तर त्याच रस्त्यावरून दिवसा एकदा चालून या, गाईडशिवाय, कॅमेरा न काढता. पायऱ्या कुठं आहेत, फुटपाथ कुठं खचलाय, कुठली गल्ली पुढे बंद होते, हे रात्री डोळ्याला कॅमेरा लावून कळत नाही.

आता वेळ. बहुतेक नवीन लोक पूर्ण अंधार पडल्यावर सुरू करतात आणि सगळ्यात सोपा काळ घालवून बसतात. सूर्य मावळल्यावर तो क्षितिजाच्या साधारण सहा अंश खाली जाईपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळ आकाशात निळा उजेड असतो आणि खाली दिवे लागलेले असतात, या दोघांचा तोल जमतो तेव्हा सावल्यांत तपशील असतो आणि बोर्डही जळत नाहीत. विषुववृत्ताजवळच्या शहरांत हा खेळ वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, लंडनसारख्या ठिकाणी जूनमध्ये पाऊण तासाच्या आसपास चालतो, म्हणून घरच्या सवयीनं वेळ धरू नका, त्या शहराची त्या तारखेची वेळ बघा. गाईडला सांगा की सूर्यास्ताला भेटू, रात्री नऊला नको. पहिला अर्धा तास निळ्यात, मग अंधार जसा उतरतो तसं एकेक सेटिंग बदलत जायचं, असं केलं की डोळा आणि हात दोन्ही हळूहळू तयार होतात.

सेटिंगबद्दल सगळे विचारतात म्हणून आकडे देते, पण हे सुरुवातीचे आहेत, देववाक्य नव्हे. लेन्स एफ २ वर (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं), शटर १/१२५ सेकंद. आता झगमगीत बाजारपेठेत, जिथं काचेच्या शोकेस आणि मोठे बोर्ड आहेत, तिथं आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ४०० पण पुरतो. साध्या रस्त्यावर दिव्याच्या बऱ्यापैकी जवळ १६०० लागेल, आणि मागच्या गल्लीत जिथं एकेक खांब लांब लांब आहे तिथं ६४००. बघा, एकाच शहरात शंभर पावलांत चार स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणून मी नवीन माणसाला शटर आणि ॲपर्चर हातानं ठरवून आयएसओ ऑटोवर ठेवायला सांगते, वरची मर्यादा ६४०० किंवा तुमचा कॅमेरा नवा असेल तर १२८००. नॉइजला, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाला, घाबरू नका. नॉइज असलेला फोटो फोटो असतो, चेहरा हललेला फोटो बहुतेक वेळा काहीच नसतो. आणि नॉइज जास्त दिसतो तो आयएसओ वाढवल्यानं नाही, तर फोटो गरजेपेक्षा काळा काढून नंतर कॉम्प्युटरवर सावल्या खेचून वर आणल्यानं.

१/१२५ का, तर साधा चालणारा माणूस त्यात थांबतो, अगदी जवळून आडवा जात असेल तर १/२५० करा. कॅमेऱ्यातलं किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात धरून ठेवतं, समोरच्या माणसाचे पाय नाही, ही गल्लत खूप होते, लोक १/१५ वर काढतात, भिंत धारदार येते आणि माणूस पुसलेला. तो पुसलेला हवा असेल तर गोष्ट वेगळी, सायकलवाला १/१५ ते १/३० वर त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत काढला की मागचे दिवे रेघा होतात आणि तो स्वतः बऱ्यापैकी टिकतो, हे शिकायला एका वळणावर उभं राहून गाईडसमोर लागोपाठ करून बघा कारण कमरेतून वळायचं का हातातून हे शेजारी उभ्या माणसालाच दिसतं.

कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर आंधळा विश्वास नको. काळोखाची फ्रेम दिसली की कॅमेऱ्याला वाटतं ही उजळ केली पाहिजे, आणि मग रात्र संध्याकाळसारखी दिसते आणि बोर्ड पांढरे होतात. एक्सपोजर एक ते दीड स्टॉप खाली घ्या, आणि लाल निऑन असेल तर अजून काळजी घ्या, कारण तिथं लाल रंगाचा तपशील आधी जळतो आणि साधा पांढरा हिस्टोग्राम (फोटोत काळोख-उजेड किती ते दाखवणारा आलेख) ते दाखवतच नाही, रंगांचे वेगळे हिस्टोग्राम असतील तर ते चालू ठेवा. अजून एक, मागच्या स्क्रीनची ब्राइटनेस कमी करा. आपले डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात, आणि सरावलेल्या डोळ्यांना पूर्ण ब्राइटनेसवरचा काळा फोटो पण लख्ख दिसतो, घरी येऊन उघडला की काहीच नाही. शिवाय प्रत्येक फ्रेमनंतर ती स्क्रीन बघितली की डोळे परत उजेडाचे होतात आणि समोरच्या सावलीत काय चाललंय ते दिसेनासं होतं. ही सवय मोडायला मी सोबतच्यांना स्क्रीन उलटी करून बंदच ठेवायला लावते.

फोकस हा रात्रीचा सगळ्यात त्रासदायक भाग. ऑटोफोकसला काहीतरी कड लागते, उजेड आणि काळोख जिथं भेटतात ती, म्हणून काळ्या कोटाच्या मध्यावर पॉइंट ठेवलात तर तो मागे-पुढे घिरट्या घालत बसेल, कॉलरच्या कडेवर ठेवा, टोपीच्या काठावर ठेवा. फोकसला मदत करणारा तो छोटा दिवा मात्र आधी बंद करा, समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि सगळा रस्ता तुमच्याकडे बघतो. दुसरा मार्ग म्हणजे अंतर आधीच ठरवून फोकस लावून ठेवणं, पण त्यातली अडचण कोणी सांगत नाही. दिवसा २८ एमएम एफ ८ ला सगळंच धारदार येतं. रात्री २८ एमएम एफ ४ ला तीन मीटरवर लावलात तर साधारण दोन ते साडेपाच मीटरपर्यंत सगळं धारदार मिळतं, इथवर ठीक आहे. पण ३५ एमएम एफ २ ला अडीच मीटरवर लावलात तर जेमतेम साठ सेंटीमीटरची पट्टी मिळते, माणसाचं एक पाऊल. म्हणून मोठं भोक असलेली महागडी लेन्स घेतली की रात्रीचे फोटो जमतील हा हिशोब अर्धाच खरा आहे, उजेड मिळतो आणि अंतर जातं. मी बऱ्याचदा एफ २.८ वर येते आणि आयएसओ चढवते. आणि जागा ठरवलेली असली की हे सगळं सोपं होतं, फुटपाथवरच्या ज्या फरशीवर उजेड पडतोय त्या फरशीवर फोकस लावायचा आणि माणूस तिथं पाय ठेवेपर्यंत थांबायचं.

दिव्यांबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथं गाईडचा खरा उपयोग होतो. पूर्वी बहुतेक मोठ्या शहरांत सोडियमचे पिवळे-नारिंगी दिवे होते, आता एलईडी येतायत, लॉस एंजेलिसनं २००९ पासून चारेक वर्षांत जवळपास १ लाख ४० हजार दिवे बदलले. म्हणजे जुन्या फोटोंत दिसणारं शहर आता त्या रंगाचं राहिलेलं नाही, आणि तुमच्या शहरात कुठल्या भागात अजून जुने दिवे आहेत, कुठं अर्धे बदललेत, हे तिथल्या माणसालाच माहीत. अर्धे बदललेला रस्ता मिळाला तर सोडू नका, एका बाजूनं नारिंगी आणि एका बाजूनं गार पांढरा उजेड पडलेला चेहरा कुठल्याही फिल्टरनं बनवता येत नाही. लो-प्रेशर सोडियम दिव्याखाली मात्र रंग शोधत बसू नका, तो दिवा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा उजेड देतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, त्यात लाल छत्री आणि हिरवी छत्री दोन्ही मातकट, तिथं कृष्णधवल करा आणि मोकळे व्हा. व्हाईट बॅलन्स (कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ते सेटिंग) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा प्रत्येक फ्रेमला वेगळा रंग देतो, मी रॉ (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेली फाइल) काढते आणि ३२०० ते ४००० केल्विनच्या मध्ये एक आकडा लावून रात्रभर तोच ठेवते, मग सगळ्या फ्रेम एका कुटुंबातल्या दिसतात.

एलईडी आणि ट्यूबलाईटचा अजून एक त्रास, फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला. बिघडलेला नसतो. ५० हर्ट्झच्या विजेवर असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आपल्याला दिसत नाही, पण सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम ओळीओळीनं वाचतो आणि काही ओळी मंद क्षणात सापडतात. उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर वापरा, आणि तरी आले तर ५० हर्ट्झच्या देशात १/१०० किंवा १/५०, ६० हर्ट्झच्या देशात १/१२५ किंवा १/६०. जपानमध्ये तर टोकियोला ५० आणि ओसाकाला ६० हर्ट्झ आहे, एकाच देशात दोन सेटिंग. मोठ्या जाहिरातींच्या डिजिटल स्क्रीनचं गणित अजून वेगळं, त्यांची लुकलुक बरीच वेगवान असते, तिथं एखाद-दोन फ्रेम काढून शटर खालीवर करून बघणं हाच मार्ग.

फ्लॅशबद्दल माझं मत थोडं कडक आहे. १९३०-४० च्या न्यूयॉर्कमध्ये वीजी नावाचा फोटोग्राफर फ्लॅश बल्ब लावून रात्रीचे गुन्हे आणि गर्दी टिपायचा, कॅमेरा एफ १६, १/२०० आणि दहा फुटांवर लावून ठेवलेला, त्याच्या कामाचा तो कणाच आहे आणि ते काम मला आवडतं. पण परक्या शहरात, शिकत असताना, अनोळखी माणसाच्या तोंडावर तीन फुटांवरून फ्लॅश मारणं मी शिकवत नाही. तुम्ही निघून जाता, त्या गल्लीत पुढच्या आठवड्यात गाईडला परत यायचं असतं. आणि फ्लॅशनं जो उजेड तुम्ही रात्रभर वाचायला शिकताय तोच पुसला जातो.

इथूनच माणसांकडे येते. गाईडच्या ओळखी तुम्हाला उसन्या मिळालेल्या असतात हे लक्षात ठेवा. तो टपरीवाल्याशी दोन मिनिटं बोलतो, तोवर तुम्ही कॅमेरा खाली ठेवा, नमस्कार करा, मग विचारा. भाषा येत नसेल तर त्याच्याकडून तीन वाक्यं पाठ करून घ्या, फोटो काढू का, नको असेल तर पुसतो, आणि धन्यवाद. दुसरं वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, आणि पुसतो म्हटलं की खरंच समोर पुसा. रस्त्यावर झोपलेली माणसं, नशेत असलेली माणसं, लहान मुलं, शरीरविक्रय चालतो त्या वस्तीतल्या बायका, यांचे चेहरे मी काढत नाही. त्यांना त्या वेळी नाही म्हणायची सोय नसते. गाईड तुम्हाला मुद्दाम अशा ठिकाणी ‘खरं शहर’ दाखवायला नेत असेल तर तिथंच सांगा की मला नको.

कायदा देशागणिक बदलतो. हंगेरीत २०१४ ला लागू झालेल्या नागरी कायद्यानं फोटो काढायलाच संमती लागते, जर्मनीत १९०७ पासूनचा कायदा मुख्यतः प्रसिद्ध करण्यावर बोट ठेवतो, फ्रान्समध्येही स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क कडक मानतात. इमारतींचंही तसंच, आयफेल टॉवर दिवसा कोणीही कसाही वापरा, पण रात्रीची रोषणाई स्वतंत्र कलाकृती धरली जाते आणि तिचा फोटो व्यावसायिक कामाला वापरायचा तर परवानगी लागते. जपानमधल्या क्योटोच्या गिओन भागात २०१९ ला खासगी गल्ल्यांत फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या, आणि सार्वजनिक रस्ता कुठं संपतो आणि खासगी गल्ली कुठं सुरू होते हे बाहेरच्याला दिसत नाही. हे सगळं गाईडला आधी विचारून घ्या, काढायला चालतं का आणि छापायला चालतं का हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. स्टेशनं, पूल आणि सरकारी इमारती यांचं पण.

सुरक्षिततेचं मी बाई म्हणून थोडं वेगळं सांगते, पण पुरुषांनाही लागू आहे. डोळ्याला कॅमेरा लावला की आजूबाजूचं जग बंद होतं, गाईडचं एक काम हे आहे की तुम्ही फ्रेममध्ये असताना त्यानं रस्ता बघायचा, म्हणून तो स्वतः पूर्णवेळ फोटो काढत असेल तर ते काम कोण करतंय? पहिल्याच थांब्यावर एक खूण ठरवा, ती केली की का न विचारता चालायला लागायचं. पट्टा मनगटाला, मोठी बॅग नको, एक बॉडी, एक लेन्स, खिशात एक बॅटरी, मोबाईलमध्ये परतीच्या गाडीची सोय आधीच. ट्रायपॉड घरी ठेवा, अनेक ठिकाणी बंदी असते आणि तो नेला की तुम्ही माणसांऐवजी इमारती काढायला लागता. रस्ता, वेळ आणि गाईडचा नंबर घरच्या कोणालातरी पाठवून ठेवा, यात संकोच वाटायचं कारण नाही, चांगला गाईड स्वतःच सुचवतो.

पावसाची रात्र मिळाली तर वॉक रद्द करू नका. पाऊस थांबता थांबताचा अर्धा तास सगळ्यात चांगला, ओला डांबरी रस्ता दिव्यांना खाली उतरवतो, जिथं एक उजेड होता तिथं दोन होतात, आणि माणसाची आकृती मागून उजळून निघते. उजेडाकडे तोंड करून उभे राहा, पाठ करून नाही, चमक समोरूनच दिसते. फक्त एसी खोलीतून दमट हवेत आलात तर लेन्सवर वाफ धरते, पुसली तरी परत येते, म्हणून कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून वीसेक मिनिटं त्या हवेत राहू द्या.

फक्त मोबाईल असेल तर? चालेल, शिकायला नक्की चालेल, कारण उजेड वाचणं तेच आहे. पण नाईट मोड माणसांसाठी बंद ठेवा. २०१८ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनवर आणि २०१९ मध्ये आयफोनवर आला तसा तो नाईट मोड बऱ्याच फ्रेम एकावर एक रचून उजेड गोळा करतो, रिकाम्या गल्लीला झकास, चालत्या माणसाचा मात्र चिखल होतो. तो बंद करून सरळ दुकानाच्या काचेसमोरच्या लख्ख पट्ट्यात काढा, बोर्डावर बोट दाबून एक्सपोजर खाली ओढा, मोबाईल छान फोटो देतो.

वॉकच्या रात्री गाईडबरोबर अजून एक गोष्ट करून घ्या. एका थांब्यावर त्याला म्हणा की तू काढ आणि मी फक्त बघतो. तो कुठं उभा राहतो, कोणाला जाऊ देतो, बटण दाबायच्या आधी काय बघतो. आणि दुसऱ्या थांब्यावर उलट, तुम्ही काढा आणि त्यानं तुमच्या मागे उभं राहून काहीच न बोलता बघावं, शेवटी पाच मिनिटं बोलावं. फ्रेमच्या मागे उभं राहून कोणीतरी बघितल्याशिवाय कळत नाहीत अशा चुका बऱ्याच असतात, बटण दाबायच्या क्षणी अर्धं पाऊल मागे येणं, माणूस उजेडात यायच्या आधीच काढून टाकणं, त्याच्या नजरेला नजर भिडली की कॅमेरा झटकन खाली घेणं.

निघताना त्याला एकच रस्ता विचारा, एकट्यानं परत यायला सुरक्षित असा, आणि पुढच्या रात्री त्याच वेळी तिथंच जा. नवीन जागा शोधू नका. रस्त्यावर उभं राहून फोटो पुसू नका (कोणी विनंती केली तर सोडून), दोन दिवस जाऊ द्या आणि मोठ्या स्क्रीनवर फसलेल्या फ्रेम तीन ढिगांत लावा. हललेल्या एकीकडे, फोकस गेलेल्या एकीकडे, आणि सगळं तांत्रिक बरोबर असून मेलेल्या एकीकडे. पहिले दोन ढीग मोठे असतील तर घराजवळच्या कुठल्याही उजेडाच्या रस्त्यावर रोज संध्याकाळी सराव करा, त्याला गाईड नको. तिसरा ढीग मोठा असेल तर त्याच गाईडकडे परत जा, दुसरा वॉक घ्या, पण या वेळी त्याला सांगा की फिरायचं नाही, तीन तास एकाच चौकात बसायचंय.